मीठ चाखून बघ

॥ श्री ॥
महानगर, लखनौ
सोमवार, ४ मे २०२६

प्रिय प्रतिमा,

काल देविकाने मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, तू तिकडे अमेरिकेत रुग्णालयातून दमून आलीस की वीस मिनिटांत मक्याची एक भाजी करतेस, तिचं नाव माक शू. दुसरी, तुझा तीन वर्षांचा करार जुलैत संपतो आणि आणखी तीन वर्षं राहणार की परत येणार, हे तुला पंधरा जूनपर्यंत लेखी कळवायचं आहे. दुसरी गोष्ट तिने जाता जाता सांगितली, चप्पल घालताना. मी पहिल्या गोष्टीबद्दलच विचारलं.

फोनवर तुलाच विचारता आलं असतं. पण फोनवर आपण सिलिंडर, देविकाचे क्लास आणि तुझ्या ड्यूटीच्या वेळा यापलीकडे जात नाही, आणि फोन धरून मध्ये देविका उभी असते. म्हणून कागद घेतला. गावच्या शाळेत मास्तरांनी पत्रलेखनाला मला दहापैकी नऊ दिले होते. त्यानंतर फारशी पत्रं लिहायची वेळ आली नाही.

तू तिला पाठवलेल्या कृतीचा फोटो तिने मला दाखवला. तुझं अक्षर बघितलं. र अजून तसाच काढतेस, शेपटी लांब. वर लिहिलंयस की मूळ पदार्थ तुझ्या घरमालकीणबाई मिस ओडील रविवारी करतात. ताजी कणसं सोलायची, दाणे कापून झाल्यावर सुरीच्या पाठीने कणीस खरवडून उरलेलं दूध काढायचं, डुकराच्या चरबीत कांदा, शिमला मिरची आणि सेलरी परतायची, टोमॅटो घालायचा आणि दोन तास मंद विस्तवावर ठेवायचं. खाली दुसरी कृती आहे, 'आपली रोजची, कामावरून आल्यावरची'. लोणी, पाकिटातला मका, वाटीभर दूध, वीस मिनिटं. 'आपली' या शब्दाशी मी जरा थांबलो. आपली म्हणजे तुझी आणि मिस ओडीलची, की तुझी आणि देविकाची, ते कळलं नाही.

त्या कृतीत चार ठिकाणी 'चाखून बघ' असं लिहिलं आहे. चौथ्या ठिकाणी खाली दोन रेघा मारल्या आहेत.

आज कारखान्यातून सुटल्यावर आलमबागला मेट्रोत बसलो, कपूरथला चौकातल्या दुकानातून मक्याचं पाकीट घेतलं आणि साडेसहाला घरी आलो. सेलरी निशातगंजात शोधली होती, मिळाली नाही. तिच्याऐवजी कोथिंबिरीच्या काड्या बारीक चिरल्या. लोण्याऐवजी तूप घेतलं. कांदा घातला नाही, म्हणजे नैवेद्य दाखवता येईल. देविका ओट्याशी फोन घेऊन उभी राहिली, परीक्षकासारखी.

"बाबा, नाम क्या है इसका?"

"माक शू."

"शू? आप जूता पका रहे हो?"

मी हसलो. ती पण हसली. मग मका शिजत आला तेव्हा ती म्हणाली, "अब चखो."

"नैवेद्य व्हायचाय."

"मम्मी ने अंडरलाइन किया है."

"आपल्या घरी चाखत नाहीत, देविका."

"हाँ, पता है," असं म्हणून तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि ताटं घ्यायला गेली.

देवापुढे वाटी ठेवली, पाणी फिरवलं, मग आम्ही जेवायला बसलो. मीठ फारच कमी पडलं होतं. मका गोड, त्यात दूध. देविका म्हणाली, "बाबा, ये तो मकई की खीर है." पण तिने सगळं खाल्लं.

पंधरा जून मी कॅलेंडरवर लिहून ठेवलेला नाही. लक्षात राहील.

तुझा,
सदाशिव


॥ श्री ॥
महानगर
बुधवार, १३ मे २०२६

प्रिय प्रतिमा,

पहिलं पत्र अजून वाटेतच असेल. महानगरच्या पोस्टातला कारकून म्हणाला, तीन आठवडे धरा. अमेरिकेचा पत्ता बघून त्याने विचारलं, "अंकल, व्हॉट्सॲप नहीं है क्या?" मी म्हटलं, आहे, पण त्यावर ही गोष्ट मावत नाही. तो म्हणाला, "तो वॉइस नोट भेज दीजिए." लखनौत सल्ला मागावा लागत नाही.

आज पुन्हा केलं. या वेळी मीठ विसरायचं नाही असं मी ठरवलं होतं. देविकानेही ठरवलं होतं. मी शिमला मिरची परतताना घातलं, आणि मी देवघरात निरांजन लावायला गेलो तेव्हा तिने घातलं, कारण तिला वाटलं की बाबा पुन्हा विसरले. चाखायचं तर कुणी नव्हतंच. नैवेद्य दाखवला, पहिला घास घेतला आणि दोघांनी एकदमच पाण्याचा तांब्या धरला.

"बाबा, भगवान जी ने कैसे खाया होगा?"

"गप जेव."

"पानी रखा था न उनके पास?"

दही कालवून कसंबसं संपवलं. टाकलं नाही.

तुझी मला आठवण आली ती या मिठावरून. तू पातेल्यावर वाकायचीस, डोळे मिटायचीस, तळहाताने वाफ स्वतःकडे ओढायचीस आणि म्हणायचीस, "अजून चिमूटभर." पंधरा वर्षांत तुझं मीठ चुकलेलं मला आठवत नाही. आईसुद्धा म्हणायची की माझ्या सुनेच्या नाकात तराजू आहे. आई कुणाला सहजासहजी चांगलं म्हणत नसे. तिने तुला या घरात पहिल्या दिवशी जे सांगितलं ते तेवढंच होतं: देवाच्या आधी जिभेला लावायचं नाही. तू मान हलवलीस आणि नाकाने काम सुरू केलंस. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. बायकांना येतंच, असं वाटलं. आता दोन वेळा करून बघितलं तर कळतं की उकळत्या भांड्यातलं मीठ वासाने ओळखणं म्हणजे काय.

२०२१ च्या त्या उन्हाळ्यात वॉर्डातून तुला ताप आला. अकरा दिवस तू आतल्या खोलीत होतीस आणि मी दाराशी ताट ठेवून मागे सरकायचो. तू बरी झालीस. वास मात्र गेला. जुईचं फूल नाकाशी धरून तू मला म्हणाली होतीस, "अहो, हे कागदाचं आहे का?" 

तो परत आला का?

पाच वर्षं झाली. मी हे एकदाही विचारलेलं नाही. आज विचारतो.

कूलरच्या जाळीतलं गवत बदललं. बाल्कनीतली तुळस बरी आहे, फक्त दुपारचं ऊन फार आहे म्हणून आडोसा केलाय. देविकाला गणितात शाळेत दुसरा नंबर मिळाला, तिने तुला सांगितलं असेलच.

तुझा,
सदाशिव


॥ श्री ॥
महानगर
मंगळवार, २६ मे २०२६

प्रिय प्रतिमा,

आज बडा मंगल, जेठातला हनुमानाचा मंगळवार. यंदा जेठ अधिक आल्यामुळे आठ मंगळवार आहेत, म्हणून सगळं शहर आठ वेळा रस्त्यावर पुरी-भाजी वाटणार. तुला आठवत असेल, लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात तू चारबागपासून घरापर्यंत मोजून सहा ठिकाणी सरबत प्यायली होतीस, कारण कुणाला नाही म्हणता येईना.

आमच्या लोकांनी कारखान्याबाहेर मांडव घातला होता. आचारी जगदीश, ऐशबागचा, हातात लांब पळा. माझ्याकडे भाजीच्या कढईशी उभं राहायचं काम होतं. चाळीस किलो बटाटा. मी सहज विचारलं, "नमक देख लिया, जगदीश भाई?"

"अभी कहाँ. पहले भोग."

कढईतून त्याने एक वाटी भाजी काढली, वर तुळशीचं पान ठेवलं, हनुमानाच्या तसबिरीपुढे नेऊन ठेवली, डोळे मिटले. मी पण मिटले. परत आला, पळ्यातली भाजी तळहातावर घेतली, तोंडात टाकली, आणि ओरडला, "फीका है. नमक लाओ." दोन मुठी मीठ घातलं, पुन्हा चाखलं, पुन्हा अर्धी मूठ.

मी म्हटलं, "और हनुमानजी को जो फीका गया?"

तो माझ्याकडे बघून हसला. "बाबूजी, वो तो जैसा बना वैसा खा लेते हैं. वो भाव देखते हैं. ये जो लाइन में खड़े हैं न, ये नमक देखेंगे."

पुऱ्या तळणारा मागून म्हणाला, "और गाली हमको देंगे."

सगळे हसले. मी पण हसलो, आणि मग द्रोण भरत राहिलो. दोन तास द्रोण भरले. ऊन असं होतं की कढईची आच कळत नव्हती. माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. जगदीश माझ्याइतकाच हनुमानाला मानतो, मंगळवारचं दर्शन कधी चुकवत नाही. त्याने देवाचा मानही ठेवला आणि माणसाची जीभही ठेवली. एका वाटीचा तर फरक. आपल्या घरी ती एक वाटी आधी बाजूला काढायचं कधी कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या आलं नाही. तुझ्या आलं असेल, पण तू कुणाला सांगणार होतीस?

यापुढचं लिहायला घेतलं होतं. खोडलं. कागद चांगला होता म्हणून फाडला नाही. खोडलेलं वाचायचा प्रयत्न करू नकोस.

तुझा,
सदाशिव


॥ श्री ॥
महानगर
रविवार, ३१ मे २०२६

प्रिय प्रतिमा,

माझं पहिलं पत्र तुला मिळालं. देविकाने काल तुझा निरोप ऐकवला. "बाबांना सांग, कांद्याशिवाय ते माक शू होत नाही. नैवेद्याला दुसरं काहीतरी करा म्हणावं." एवढंच. बारा सेकंद. मी देविकाला पुन्हा लावायला सांगितलं, नीट ऐकू आलं नाही म्हणून. नीट ऐकू आलं होतं. मागे कुणीतरी बाई इंग्रजीत बोलत होती आणि भांड्याचा आवाज येत होता. तू स्वयंपाकघरात उभी होतीस.

आज सकाळी पूजा झाली आणि मी देवापुढे बसूनच ठरवलं की खोडलेलं पुन्हा लिहायचं.

२०२१ चा श्रावण. तिसरा सोमवार. तू बरी होऊन कामावर जायला लागलीस त्याला तीन महिने झाले होते. श्रावणातले सगळे सोमवार मी नवस म्हणून धरले होते. नवस कसला होता हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, सांगायचं नसतं म्हणून. तो तुझा होता. तू आतल्या खोलीत असताना मी महादेवाला म्हटलं होतं, हिला उठव, मी श्रावण कडक पाळीन. तू उठलीस.

त्या संध्याकाळी तू वॉर्डात सकाळपासून उभी राहून आली होतीस आणि उपास सोडायचा स्वयंपाक करत होतीस. वरण, भात, गवारीची भाजी, खीर. मी मेट्रोतून आलो, पाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात आलो. तुझी पाठ माझ्याकडे होती. तू पळीतलं वरण तळहातावर घेतलंस आणि चाखलंस.

मी म्हटलं, "उष्टं केलंस."

तू दचकलीस. म्हणालीस, "अहो, वास येत नाही मला. मीठ पडलंय की नाही कळेना."

मी काय म्हटलं ते मला शब्दन्शब्द आठवतं. मी आवाज चढवला नाही. आवाज न चढवण्याचा मला अभिमान होता. मी म्हटलं, "मग देवाला उष्टं दाखवायचं का? दुसरं कर."

तू माझ्याकडे बघितलंस. मग वरणाचं पातेलं उचललंस आणि मोरीत ओतलंस. भाजीही ओतलीस, तिला तर हातही लावला नव्हतास. खीर ओतलीस. पुन्हा कुकर लावलास. मी देवघरात जाऊन स्तोत्र म्हणत बसलो, सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मोरीत वाहणारं पाणी मला ऐकू येत होतं.

दुसरं वरण अळणी झालं. तू मीठ घातलंच नव्हतंस, की अंदाज चुकला होता, मला माहीत नाही. मी एक शब्द बोललो नाही. देवाचा प्रसाद म्हणून निमूट जेवलो आणि आपण किती सोसतो असं मला वाटलं. हे मी आज कबूल करतो. मला तेव्हा स्वतःबद्दल चांगलं वाटलं होतं.

तुझ्या जिवासाठी केलेल्या नवसाचं अन्न, तुझीच जीभ लागली म्हणून मी टाकायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू परदेशाच्या नोकरीची माहिती मागवलीस. पुढची दोन वर्षं परीक्षा, कागद, मुलाखती. लोक विचारायचे तेव्हा मी सांगायचो, तिकडे नर्सेसना मागणी आहे. कुणी जास्त विचारलं तर म्हणायचो, देविकाच्या शिक्षणासाठी. तू कधीच कारण सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

देवाने उष्टं गोड मानलं याचे दाखले पुराणांत आहेत, ते मला पाठ आहेत. तेव्हाही पाठ होते. म्हणून त्यांच्या आड लपत नाही. चूक देवाकडे झालेली नाही, तुझ्याकडे झाली आहे.

हे पत्र तुला पंधरा तारखेच्या आत मिळणार नाही.

सदाशिव


॥ श्री ॥
महानगर
बुधवार, १० जून २०२६

प्रिय प्रतिमा,

३१ मेचं पत्र मी पोस्टात टाकलं नाही. दहा दिवस ते गाथेत ठेवलं होतं. ते उशिरा पोचणार हे मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच ते लिहिता आलं. कबुलीही द्यायची आणि तिचा काही उपयोगही होऊ द्यायचा नाही, असा तो प्रकार होता. हे मला परवापर्यंत दिसलं नाही.

परवा तुझा निरोप आला, दुसऱ्या पत्राच्या उत्तराचा. देविकाने टेबलावर फोन ठेवला आणि आम्ही दोघांनी ऐकला. "बाबांनी विचारलंय ना, त्यांना सांग, वास नाही आलेला. कॉफीचा येतो, तोही जळल्यासारखा. बाकी काही नाही. इथे आले तेव्हा पहिले सहा महिने मी ब्रेड आणि केळी खात होते, स्वयंपाकाची भीती वाटायची. मग मिस ओडीलने चमचा हातात दिला आणि म्हणाली, नाक गेलं तर गेलं, जीभ आहे ना. दर दोन मिनिटांनी चाख. म्हणून मी तसं लिहिलंय."

मला वाटलं होतं की ते तू मला टोचायला लिहिलंयस. दोन रेघा माझ्यासाठी आहेत, असं मला महिनाभर वाटत होतं.

सहा महिने ब्रेड आणि केळी. आणि त्या सहा महिन्यांत दर रविवारी मी फोनवर विचारायचो, "जेवलीस का?" तू म्हणायचीस, "हो."

आज घरी आलो तेव्हा देविका अभ्यासाला बसली होती. मी तिला म्हटलं, "एक काम आहे. मी आईला एक पत्र लिहिलंय, त्याचा फोटो काढून पाठवायचाय. आजच. पण फोटो काढताना तू वाचशील."

"नहीं पढ़ूँगी."

"वाच. तुला कळायला पाहिजे."

तिने उभ्या उभ्या वाचलं. तिला माझं अक्षर लागत नाही, म्हणून दोनदा मला शब्द विचारला. एकदा 'गवार' आणि एकदा 'अळणी'. अळणी म्हणजे काय ते मी सांगितलं. वाचून झाल्यावर तिने कागद नीट जुळवले आणि म्हणाली, "मैं वहीं बैठी थी, बाबा."

"कुठे?"

"यहीं. टेबल पे. मैथ्स कर रही थी. मुझे लगा आपको पता है."

बारा वर्षांची होती. मला ती त्या चित्रात आठवतच नाही. मोरीतलं पाणी आठवतं, स्तोत्राची ओळ आठवते, पोर आठवत नाही.

मी विचारलं, "मग तू कधी बोलली का नाहीस?"

"आप कभी बोले?"

मी उठलो आणि कांदा घेतला.

आज दोन कांदे चिरले. नैवेद्याला जगदीशसारखी आधी वाटी काढू असंही मनात आलं होतं. पण तीही एक पळवाटच झाली असती, आणि कांद्याचा नैवेद्य होत नाही. तू सांगितलंस तसं नैवेद्याला दूधसाखर ठेवली. भाजी माणसांसाठी केली. तूप तापवलं, कांदा गुलाबी होईपर्यंत परतला, शिमला मिरची, कोथिंबिरीच्या काड्या, टोमॅटो, लाल तिखट, मिरपूड. मग मका, मग दूध. देविका ओट्याशी उभी होती, पण फोन खिशात.

"अब," ती म्हणाली.

मी चमचा भरून घेतला. हात थांबला, लपवत नाही. आईचा आवाज ऐकू आला म्हण, काहीही म्हण. एकोणपन्नास वर्षांत चुलीवरचं अन्न मी असं कधी तोंडात घातलेलं नाही. फुंकर न मारताच चाखलं. जीभ भाजली. देविका म्हणाली, "फूँक के, बाबा, बच्चे हो क्या?"

मीठ कमी होतं. इतकं स्पष्ट कळलं की मला आश्चर्य वाटलं. दोन चिमटी घातलं. ढवळलं, पुन्हा चाखलं. अजून थोडं. तिसऱ्यांदा चमचा तिच्यापुढे धरला. तिने चाखलं, डोळे मिटले, तुझ्यासारखे, आणि म्हणाली, "अब ठीक है." वीस नाही, पस्तीस मिनिटं लागली. तरी कामावरून आल्यावरची म्हणायला हरकत नाही.

आता ती फोटो काढेल. इथे साडेसात वाजलेत, तिकडे सकाळचे नऊ. तू रात्रपाळीवरून आली असशील.

प्रतिमा, माझं चुकलं. एवढंच सांगायला ही दोन पत्रं. पंधरा तारखेला तू जे लिहिशील ते तुझं. तुझा हात धरायला मी हे लिहिलेलं नाही.

सदाशिव

—

ही रेघ देविकाला दाखवून मी मारली आहे. रेघेच्या वरचं फोटोत गेलं. खालचं फक्त कागदावर आहे. कागद उद्या पोस्टात पडेल आणि तुझ्या हाती येईल तेव्हा तुझं ठरून गेलेलं असेल.

फोटो काढताना देविका म्हणाली, "इतना सब लिखा और 'आ जाओ' नहीं लिखा?"

"नाही."

"क्यों?"

मी म्हटलं, "एकदा मी तिला सांगितलं, दुसरं कर. तिने केलं. आता पुन्हा काही कर म्हणून सांगायचं नाही."

फोटो पाठवून तिने फोन खिशात ठेवला. मग म्हणाली, "तो मत भेजना. पर लिख तो दो." आणि पुस्तक घेऊन आत गेली. तिचं म्हणणं मला पटलं.

म्हणून आता लिहितो. तुझ्यावर त्याचं ओझं पडणार नाही अशा ठिकाणी लिहितो. तू यावंस असं मला फार वाटतं. सकाळी दूध उतू जातं तेव्हा वाटतं. बादशाहनगरला मेट्रोतून उतरतो तेव्हा, जिना उतरताना, तू खाली पिशवी घेऊन उभी असायचीस त्या खांबाशी वाटतं. पूजेत वाटतं, आणि मी ते देवाला सांगत नाही, कारण तुझ्यासाठी एकदा मागून झालं आणि मिळालेलं मी नीट ठेवलं नाही.

तीन वर्षं आणखी राहायचं ठरवलं असशील तर राहा. देविकाची बारावी झाली की तिला मी पाठवीन, आणि तू बोलावलंस तर मीही येईन. पासपोर्टचा फॉर्म तिने भरून दिलाय, माझा फोटो काढायचा राहिलाय. मिस ओडीलना माझा नमस्कार सांग. त्यांनी चमचा दिला, तो या घरात द्यायला हवा होता.

आणि येत असशील तर ऐक. हा कागद तुला मिळेल तेव्हा इथे देशी भुट्टे यायला लागलेले असतील, गाड्या भरून. पाकिटातला मका नको. आपण रविवारची करू, दोन तासांची. सुरीच्या पाठीने कणसाचं दूध काढायला मला येतं. लहानपणी बांधावर बसून दुधातली कणसं आम्ही तशीच खरवडायचो. कांदा मी चिरीन, ढवळीनही मीच. तू नुसती शेजारी उभी राहा.

मीठ तू बघ.